मृत आत्मे की मेलेले जीव? गोगोलच्या कादंबरीवरचा एक जुना वाद

घरातली माणसं मोजताना आपण 'जीव' म्हणतो. "घरात खाणारे आठ जीव आहेत." कराची गोष्ट निघाली की 'डोई' येते: डोईपट्टी, दरडोई. एकोणिसाव्या शतकातल्या रशियात शेतकरी मोजायचे ते 'दूशा' या शब्दानं. दूशा म्हणजे आत्मा. दूशा म्हणजे जीव, मन, अंतःकरणही. आणि सरकारी कागदावर दूशा म्हणजे एक पुरुष भूदास, जमीनदाराच्या मालकीचा शेतकरी. अमक्याकडे तीनशे दूशा आहेत म्हटलं की त्याची ऐपत लगेच समजायची.

निकोलाय गोगोलची 1842 साली आलेली कादंबरी 'म्योर्त्विये दूशी' या एका शब्दावर उभी आहे. मराठीत तिचा उल्लेख सहसा 'मृत आत्मे' असा होतो. ते चूक नाही, पण 'आत्मा' म्हटलं की आपण थेट अध्यात्मात जातो आणि कागदावरचा शेतकरी हातातून निसटतो. मला 'मेलेले जीव' जास्त जवळचं वाटतं, कारण जीव मोजताही येतात आणि जीव जातोही. या पुस्तकावर गेली 180 वर्षं अभ्यासक वाद घालत आहेत, आणि त्यातला बराचसा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो: इथे मेलंय कोण, आणि दूशा या शब्दाचा कुठला अर्थ धरायचा?

आधी कथानकातला व्यवहार नीट समजून घेऊ, कारण तो कळला नाही तर पुढचं सगळं हवेत राहतं.

पीटर द ग्रेटच्या काळापासून रशियात पुरुष-दूशांवर कर होता. त्यासाठी काही वर्षांनी शिरगणती व्हायची आणि याद्या बनायच्या. दोन शिरगणत्यांमध्ये दहा-पंधरा वर्षंही जायची. तोवर यादी तीच. मधे कुणी शेतकरी मेला तरी कागदावर तो जिवंतच, आणि त्याचा कर जमीनदारानं भरत राहायचा. म्हणजे प्रत्येक जमीनदाराच्या डोक्यावर मेलेल्या माणसांचा बोजा होता.

पावेल इवानोविच चिचिकोव्ह हा नोकरीत हात पोळून घेतलेला, गोडबोल्या, गुबगुबीत गृहस्थ एका गावात येतो. गावाचं नाव गोगोल देत नाही. आसपासच्या जमीनदारांना भेटून तो विचारतो, तुमचे मेलेले शेतकरी मला विकता का? जमीनदाराचा कर वाचतो. चिचिकोव्हला काय मिळतं? त्या काळी सरकारी पालकमंडळ भूदास गहाण ठेवून कर्ज द्यायचं. शेवटच्या प्रकरणात चिचिकोव्हचा हिशेब आपल्याला कळतो: हजार मेलेले जीव स्वस्तात घ्यायचे, कागदोपत्री ते जिवंत, दर जीवामागे 200 रूबल कर्ज, म्हणजे दोन लाख रूबल हातात. जमिनीशिवाय नुसते शेतकरी विकत घ्यायचे तर ते दुसरीकडे वसवण्यासाठी घ्यावे लागत. म्हणून तो सांगतो, मी यांना खेर्सोनला नेणार. दक्षिणेत तेव्हा वसाहतीसाठी जमीन फुकट मिळत होती.

तर तो पाच दारं ठोठावतो. साखरेत घोळलेला मनीलोव्ह मेलेले फुकट देतो, वर दस्ताचा खर्चही स्वतः उचलतो. कोरोबोच्का ही विधवा बाई घाबरते, कारण मेलेल्यांचा बाजारभाव तिला ठाऊक नाही. न जाणो, घरकामाला कुठे उपयोगी पडले तर? नोझद्र्योव्ह पटावर डाव मांडतो आणि मारामारीपर्यंत जातो. अस्वलासारखा सोबाकेविच जीवामागे 100 रूबल मागतो, अडीचवर तुटतं, पण तोवर तो मेलेल्यांचे गुण गातो: हा सुतार, हा गाड्या बनवणारा, हा चांभार, असा कारागीर कुठे मिळणार? चिचिकोव्ह म्हणतो, अहो, पण ते मेलेत. शेवटी प्ल्यूश्किन. हजारभर भूदासांचा मालक, पण चिंध्या, बुटांचे जुने तळवे, लोखंडी खिळे गोळा करत बसलेला. त्याचे पळून गेलेले 78 शेतकरीही चिचिकोव्ह 32 कोपेकना एक या दरानं घेतो.

पुढे कोरोबोच्का आपण फसलो तर नाही ना हे पाहायला गावात येते, भाव विचारते आणि बिंग फुटतं. अफवा उठतात. चिचिकोव्ह गव्हर्नरची मुलगी पळवणार आहे, तो वेषांतर केलेला नेपोलियन आहे. या गोंधळात गावचा सरकारी वकील विचार करकरून घरी जातो आणि मरतो. तेव्हा गोगोल लिहितो की लोकांना हळहळत तेव्हाच कळलं, या माणसाला खरोखर दूशा होती, फक्त विनयामुळे त्यानं ती कधी दाखवली नव्हती. हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा आधी हसू येतं आणि मग थांबून पान पुन्हा वाचावं लागतं.

या पुस्तकाचे पहिले भाष्यकार कोण, असं विचारलं तर माझं उत्तर आहे: सेन्सॉर. जानेवारी 1842 मध्ये गोगोलनं आपल्या प्लेत्न्योव्ह या मित्राला लिहिलेल्या पत्रात मॉस्कोच्या सेन्सॉर समितीतला प्रसंग सांगितला आहे. अध्यक्षस्थानी बसलेले गोलोख्वास्तोव्ह नुसतं नाव ऐकताच म्हणाले, हे मी कदापि होऊ देणार नाही, आत्मा अमर असतो, मृत आत्मा असूच शकत नाही. कुणीतरी समजावलं की ही शिरगणतीच्या यादीतली दूशा आहे. तर ते म्हणाले, मग तर अजिबातच नाही, हे भूदासपद्धतीच्या विरुद्ध झालं. आणखी एका सेन्सॉरला किंमत टोचली: माणसाच्या जीवाला अडीच रूबल! हे परदेशात कळलं तर आपल्याकडे कोण येईल?

गोगोलनं हे चिडून लिहिलं, आणि ते साहजिक होतं. पण पुढच्या पावणेदोनशे वर्षांतल्या वाचनाच्या मुख्य वाटा या तीन आक्षेपांत आधीच दिसतात. हे पुस्तक माणसाच्या आत्म्याबद्दल आहे. हे पुस्तक गुलामीबद्दल आहे. हे पुस्तक रशियाच्या चेहऱ्याबद्दल आहे. अखेर मार्चमध्ये पीटर्सबर्गच्या सेन्सॉरनं परवानगी दिली. नावाच्या आधी 'चिचिकोव्हची भ्रमंती' असं जोडायला लावलं आणि कॅप्टन कोपेयकिनची उपकथा बदलायला लावली. त्या सेन्सॉरचं नाव अलेक्सांद्र निकितेन्को. हा माणूस स्वतः भूदास म्हणून जन्मला होता आणि ऐन तारुण्यात मुक्त झाला होता. म्हणजे कधीकाळी तोही कुणाच्या तरी यादीतली एक दूशा होता.

पुस्तक आलं आणि त्याच वर्षी भांडण जुंपलं. विस्सारियोन बेलिन्स्की हा त्या काळचा सर्वांत वजनदार समीक्षक. त्याच्या मते इथे रशियन जीवनावरचा बुरखा निर्दयपणे दूर केला आहे, आणि तो दूर करणाऱ्याच्या मनात देशाबद्दल अपार माया आहे. विरुद्ध बाजूला पंचविशीतला कॉन्स्तान्तिन अक्साकोव्ह. त्याच्या पुस्तिकेचा दावा असा की होमरचं महाकाव्य जग पाहायची जी शांत, सगळं सामावून घेणारी नजर घेऊन आलं, ती गोगोलमध्ये पुन्हा अवतरली आहे. दावा मोठा होता, पण बिनबुडाचा नव्हता. गोगोलनंच पुस्तकाला कादंबरी न म्हणता 'पोएमा' म्हटलं होतं, म्हणजे काव्य. मुखपृष्ठ स्वतः रेखाटून तो शब्द त्यानं ठळक मोठ्या अक्षरांत काढला. बेलिन्स्कीनं अक्साकोव्हला फटकारलं: इलियडमध्ये जीवन उंच चढवलेलं आहे, इथे ते कुजताना दाखवलं आहे, दोन्ही एक कसे?

मला या भांडणात दोघंही अर्धे बरोबर वाटतात. सोबाकेविचच्या घरातली प्रत्येक खुर्ची 'मीही सोबाकेविच' म्हणत असल्यासारखी दिसते. अशी पानं वाचताना खरंच महाकाव्यातला निवांतपणा जाणवतो. आणि त्याच पानावर माणसांची घासाघीस चाललेली असते.

मग लेखकानंच सगळ्यांना चकवलं. 1847 साली गोगोलनं मित्रांना लिहिलेल्या पत्रांतले निवडक भाग पुस्तकरूपानं छापले. त्यात त्यानं धर्म, आज्ञापालन, जमीनदारानं शेतकऱ्यांशी कसं वागावं याचा उपदेश केला. आपल्या पात्रांबद्दल सांगितलं की हे दोष मी बाहेरून आणलेले नाहीत, माझ्याच अंतरातले आहेत, ते काढून टाकण्यासाठी मी ते पात्रांना दिले. म्हणजे लेखकाच्या मते हे पुस्तक आत्मशुद्धीचं. बेलिन्स्की तेव्हा क्षयानं आजारी, उपचारांसाठी साल्झब्रुनला होता. तिथून जुलै 1847 मध्ये त्यानं गोगोलला पत्र लिहिलं आणि त्याला चाबकाचा प्रचारक म्हटलं. रशियाला प्रवचनं नकोत, माणसाची प्रतिष्ठा आणि कायदा हवा, हा त्या पत्राचा गाभा. छापायला बंदी होती, पण हस्तलिखित प्रती फिरत राहिल्या. 1849 साली तरुण दोस्तोयेव्स्कीला अटक झाली तेव्हा त्याच्यावरच्या आरोपांत हे पत्र मंडळींत वाचून दाखवल्याचा आरोप होता. मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती ऐन वेळी बदलून सैबेरिया. एका कादंबरीचा अर्थ काय, यावरून माणूस गोळ्या घालायच्या चौथऱ्यापर्यंत जातो, हे वाचताना आजही छातीत धस्स होतं.

बेलिन्स्कीचं वाचन पुढे सोव्हिएत काळात शाळेच्या पुस्तकांत पक्कं बसलं: गोगोल म्हणजे भूदासपद्धतीवर आसूड ओढणारा वास्तववादी. मेलेले जीव कोण? जमीनदार. उत्तर सोपं होतं, परीक्षेत लिहिता यायचं.

मधल्या काळात मात्र दुसरी वाट फुटली होती. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला वासीली रोझानोव्ह हा विचारवंत म्हणाला, याला वास्तववाद कसा म्हणता? ही माणसंच नाहीत, मेणाचे पुतळे आहेत, बाहेरून अचूक आणि आतून रिकामे. गोगोलला जिवंत माणूस दिसतच नव्हता, असा त्याचा आरोप. 1906 साली दिमित्री मेरेझ्कोव्स्कीनं हाच रिकामेपणा उलटा वाचला. त्याच्या मते गोगोल आयुष्यभर सैतानाशी झुंजत होता, पण त्याचा सैतान शिंगं-शेपटीवाला नाही. तो मध्यम आहे, नेटका आहे, ना गरम ना थंड. तो आपल्यातलाच एक आहे, म्हणून ओळखू येत नाही. चिचिकोव्हचं पहिलं वर्णन आठवा: देखणा नाही, पण कुरूपही नाही, फार जाडा नाही, फार बारीक नाही, म्हातारा म्हणता येणार नाही, पण तरुणही नाही. इतकी वाक्यं वाचून हाती काहीच लागत नाही.

या 'ना हे, ना ते'कडे आंद्रेय बेलीनं वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं. तो स्वतः कवी. गोगोलच्या कारागिरीवरचं त्याचं पुस्तक 1934 साली, त्याच्या मृत्यूनंतर आलं. त्यात त्यानं गोगोलच्या लेखनातल्या रंगांचीसुद्धा मोजदाद केली, वाक्यांच्या घड्या उलगडल्या आणि दाखवलं की गोगोल नकारांवर नकार रचून एक पोकळ माणूस उभा करतो. त्याआधी 1919 मध्ये बोरिस आयखेनबाउमनं गोगोलच्याच 'ओव्हरकोट' या कथेवर लिहिताना असाच रोख ठेवला होता: कथा काय सांगते हे बाजूला ठेवा, सांगणाऱ्याचा आवाज ऐका, त्याचे हेलकावे, त्याची अडखळ, त्याची शब्दांची गंमत. ज्यांनी रंगलेलं कीर्तन ऐकलं आहे त्यांना हे पटकन कळेल. आख्यान तेच असतं, पण बुवा ते कसं सांगतात त्यात सगळं येतं.

हाच धागा कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्हनं 1944 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात टोकाला नेला. तो म्हणतो, या पुस्तकात खरा रशिया शोधू नका, तो इथे नाही. इथे आहे ते गोगोलच्या डोक्यातलं जग आणि 'पोश्लस्त'. या रशियन शब्दात सवंगपणा, उथळ समाधान, खोटं सौंदर्य, खोटी थोरवी हे सगळं एकत्र येतं. मराठीत एका शब्दात तो बसत नाही. नाबोकोव्हनं दाखवलेली सर्वांत सुंदर गोष्ट उपमांची आहे. सोबाकेविचचा चेहरा कसा? मोल्दाव्हियन भोपळ्यासारखा. तो भोपळा, ज्याच्यापासून रशियात दोन तारांची बलालायका बनवतात. ती बलालायका, जी विशीतला एखादा छैलछबिला पोरगा वाजवतो, आणि भोवती जमलेल्या पोरींना डोळा घालतो, शीळ मारतो. वाक्य सुरू झालं एका जमीनदाराच्या तोंडापासून आणि पोचलं गावातल्या संध्याकाळीत. तो पोरगा कथानकात कुठेच नाही. उपमेच्या शेपटीला धरून तो जन्माला आला आणि वाक्य संपताच गेला.

नाबोकोव्हचं हे निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. 'गुलामीशी या पुस्तकाचा संबंध नाही' हा त्याचा हट्ट मात्र मला पटत नाही. का, ते थोड्या वेळानं सांगतो.

मिखाईल बाख्तिन या रशियन साहित्यविचारकानं याच गमतीत जत्रेचा, लोकांच्या हसण्याचा सूर ऐकला. त्याच्या मते गोगोलचं हसू हे बोट दाखवून सुधारणा सुचवणारं नाही. ते सणाच्या दिवशी सगळं उलटंपालटं करणारं, खाण्यापिण्याचं, शिव्यांचं, नरकालाही मौजेची सहल बनवणारं हसू आहे. युरी लोत्मननं 1968 साली कादंबरीतल्या जागांकडे पाहिलं: जमीनदार आपापल्या कुंपणात अडकलेले, फक्त रस्ता वाहतोय. चिचिकोव्ह बदमाश आहे, पण तो रस्त्यावर आहे, म्हणून त्याच्यात बदल होण्याची शक्यता उरते. गोगोलला पुढचे खंड लिहायचे होते, त्यात चिचिकोव्हचं पुनरुत्थान व्हायचं होतं. नरकातून वर चढत जाणाऱ्या दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्याच्या तीन भागांशी अनेकांनी त्याची तुलना केली आहे. ते झालं नाही. दुसऱ्या खंडाचं लेखन गोगोलनं 1845 मध्ये एकदा जाळलं आणि फेब्रुवारी 1852 मध्ये, मरणाच्या थोडेच दिवस आधी, पुन्हा जाळलं. काही प्रकरणांचे मसुदे तेवढे उरले.

तिसऱ्या आक्षेपाचं, म्हणजे रशियाच्या चेहऱ्याचं काय झालं? पहिला खंड संपताना चिचिकोव्हची तीन घोड्यांची गाडी रशिया होऊन उडते. "रूस, तू कुठे धावतेस? उत्तर दे. ती उत्तर देत नाही." हे रशियन शाळांत पाठ करून घेतलं जायचं, देशाभिमान म्हणून. पण त्या गाडीत कोण बसलंय? मेलेली माणसं खरेदी करून पळणारा एक लबाड. शिवाय गोगोल जन्मला 1809 साली पोल्तावा प्रांतात, आजच्या युक्रेनमध्ये. या कादंबरीचा बराचसा भाग त्यानं रोममध्ये बसून लिहिला. अमेरिकेतल्या अभ्यासक एडिटा बोयानोव्स्का यांनी 2007 साली दाखवून दिलं की गोगोलचा रशियन राष्ट्रवाद वाटतो तितका सरळ नाही, आणि त्याचं रशियाचं चित्र मायेपेक्षा बरंच बोचरं आहे. 1844 च्या एका पत्रात खुद्द गोगोलनं लिहिलं होतं की माझी दूशा युक्रेनी आहे की रशियन, हे माझं मलाच ठाऊक नाही. पुन्हा तोच शब्द.

आता नाबोकोव्हबद्दल. सातव्या प्रकरणात चिचिकोव्ह सकाळी उठतो आणि विकत घेतलेल्या मेलेल्यांच्या याद्या समोर घेऊन बसतो. त्याच्याकडे आता चारशेच्या आसपास नावं आहेत. नावं वाचता वाचता त्याला काहीतरी होतं. स्तेपान प्रोब्का, सुतार, धिप्पाड. तू कसा गेलास रे? जास्त पैशांसाठी देवळाच्या घुमटाखाली चढलास, की थेट क्रुसापर्यंत? तिथून पाय घसरला असेल. आणि शेजारी उभा असलेला कुणी मिखेय काका डोकं खाजवून म्हणाला असेल, अरे वान्या, काय हे तुझ्या नशिबी! आणि कमरेला दोर बांधून तुझ्या जागी चढला असेल. बारकाईनं पाहा: प्रोब्काचं नाव स्तेपान, काका हाक मारतोय वान्याला. ही गफलत मला विलक्षण खरी वाटते. वर चढून पडणाऱ्या कुठल्याही माणसाला काका हेच म्हणाला असता.

यादीत एलिजावेत वोरोबेय असं नावही निघतं. बाई! सोबाकेविचनं पुरुषांत एक बाई घुसवली आहे. तिचं नाव खोडलं जातं. ती कोण होती, हे पुस्तकात कुणी विचारत नाही.

बेलिन्स्कीनं नंतर म्हटलं होतं की ही पानं पुस्तकातली उत्तम पानं आहेत, पण चिचिकोव्हच्या तोंडी शोभत नाहीत. कवीनं आपले अश्रू एका ठगाला देऊन टाकले. इतर अभ्यासकांना इथेच चिचिकोव्हच्या पुनरुत्थानाची पहिली हालचाल दिसते. मला दिसतं ते असं: भोपळ्यातून पोरगा निर्माण करणारी जी भाषा नाबोकोव्हला आवडली, तीच इथे काम करते आहे. फरक इतकाच की तो पोरगा उपमेतून आला होता, आणि प्रोब्का कराच्या यादीतून आला आहे. यादी खरी होती. अशा याद्या रशियातल्या प्रत्येक प्रांतात 1861 पर्यंत, भूदास मुक्त होईपर्यंत, कपाटांत पडून होत्या. गोगोलच्या भाषेची जादू आणि भूदासांचं मोल या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढता येत नाहीत. ज्यांना जीव असल्याचं कुणी मानलं नव्हतं तेच या पुस्तकातले सर्वांत जिवंत जीव आहेत, आणि मनीलोव्ह, सोबाकेविच, तो सरकारी वकील यांच्याकडे पाहून आपल्याला शोधावं लागतं की यांची दूशा आहे तरी कुठे.

यादीच्या शेवटी फरारी लोक येतात. अबाकुम फीरोव्ह. कुठे असशील? व्होल्गेवर गेलास का, बोटी ओढणाऱ्यांच्या टोळीत? चिचिकोव्ह त्याला धान्याच्या बंदरावर उभा करतो, भोवती पोत्यांचे डोंगर, टोळी बायकांचा निरोप घेतेय, फेर धरून नाचतेय. मग दोर खांद्यावर येणार, आणि रूससारखं न संपणारं एक गाणं गात ती सगळी नदीकाठानं ओढत निघणार.

इथे चिचिकोव्ह घड्याळाकडे पाहतो. बारा वाजले आहेत. आपण कशात एवढे रमलो, असं म्हणून तो घाईनं उठतो, कपडे करतो, अंगाला अत्तर लावतो आणि कागद काखोटीला मारून खरेदीखत नोंदवायला कचेरीकडे निघतो.